मोघेंचा तिसरा गिअर

आपल्या सिंगापूरच्या मंडळात ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांतल्या बहुतेकांना अनिल मोघेने कधी ना कधी पार्किंगमध्ये अडवलेलं आहे. गणपतीची आरती संपते, लोक प्रसादाची पुडी घेऊन खाली उतरतात, आणि मोघे मागून येऊन म्हणतो, "बॉनेट उघड बघू. कूलंट शेवटचं कधी पाहिलंस?" माणूस ओळखीचा असो नसो, गाडी कालच शोरूममधून आलेली असो, त्याला फरक पडत नाही. समोरचा बॉनेट उघडतो, मोघे आत डोकावतो, मान हलवतो आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणतो: "मी माझी सुबारू निष्काळजीपणाने मारली. तुम्ही मारू नका."

हे वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे मोघेला ठाऊक नव्हतं. मला होतं.

मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे खरं तर बँकेतल्या अनुभवांवर लेख मागितला होता. मी बँकेच्या संगणक विभागात आयुष्य काढलं. दिवसाचे हिशेब जुळले की मी घरी जायचो, न जुळले की जायचो नाही. त्यापलीकडे तिथे सांगण्याजोगं काही घडलं नाही. माझं खरं काम शनिवार-रविवारी असायचं, पासिर रिसला आमच्या ब्लॉकशेजारच्या बहुमजली पार्किंगच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, गाडीखाली पाठीवर झोपून. या कामाचा पगार मिळाला नाही, उलट पगार त्यात गेला. आमच्या मंगलचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं, नोकरी बँकेची आणि नांदणूक गाडीची.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. सिंगापुरात गाडी विकत घेता येते, पण ती रस्त्यावर ठेवायचा हक्क दहा वर्षांपुरताच मिळतो. त्याला इथे सीओई म्हणतात. दहा वर्षं संपली की तो पुन्हा विकत घ्यायचा, नाहीतर गाडी भंगारात द्यायची. हा हक्क बहुधा त्या जुन्या गाडीहून महाग असतो. त्यामुळे इथे जुनी गाडी पाळणारा माणूस एकतर गडगंज असतो, किंवा त्याचं डोकं तपासून घ्यावं अशी घरात चर्चा चालू असते. मी दुसऱ्या गटातला.

सुबारूच का, असंही लोक विचारतात. तिच्या इंजिनाचे सिलिंडर उभे नसतात, आडवे झोपलेले असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, एकमेकांना ठोसे दिल्यासारखे आत-बाहेर करतात. जुन्या टर्बो गाड्यांत दोन्ही बाजूंचा धूर सारख्या लांबीच्या नळ्यांतून येत नसे, म्हणून आवाज एकसुरी नसायचा. लंगडी घालत कुणी जिना उतरावा तसा यायचा: डग-डगडग-डग. हा आवाज ज्याला आवडला त्याला मग दुसऱ्या गाडीत बसलं की ऐकू कमी येतंय असं वाटतं. मला हा आजार मोघेमुळे झाला. तो तेव्हा एका बँकेच्या कर्जखात्यात होता, राहायला मरीन परेडला. त्याच्याकडे निळी स्टेशन वॅगन होती. मी तिच्यातून एकदा विमानतळावर गेलो आणि वर्षाच्या आत तशीच हिरवी घेतली. दोन्ही जुन्या, दोन्ही टर्बो, दोन्ही हाताने गिअर टाकायच्या.

पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला परवानगी नाही. म्हणून आम्ही दुरुस्ती करत नसू, सहल करत असू. चटई, थर्मास, मंगलने दिलेली साबुदाण्याची खिचडी, आणि पाने-पक्कड वर्तमानपत्राखाली. कुणी आलं की मोघे मोठ्याने विचारायचा, "किल्ली सापडली का रे?" मी गाडीखालून ओरडायचो, "शोधतोय." एक मलय गृहस्थ तिथे रोज फेऱ्या मारायला येत. निवृत्त शिक्षक असावेत, तसे दिसत. काही वर्षं त्यांनी हे ऐकून घेतलं. मग एका रविवारी ते थांबले, खाली वाकले आणि माझ्या पायांना म्हणाले, "अंकल, की स्टिल नॉट फाउंड आह?" तेव्हापासून ते आमचे झाले. पहारेकरी कोपऱ्यावर दिसला की तेच खोकायचे.

गाडीत फेरफार करणं हा या छंदाचा दुसरा भाग. स्प्रिंगा बदलून आम्ही गाड्या खाली बसवल्या. त्याचा परिणाम गणपती आणताना कळला. मूर्ती मागे, आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकापाशी मोघे उतरून पुढे चालायचा, हाताने हळू-हळू दाखवत. लोकांना वाटे काय भक्ती आहे. त्याला चिंता गाडीच्या पोटाची.

मोठा फेरफार म्हणजे सायलेन्सर. आवाज मोकळा करायला आम्ही जाड नळीचा बसवला होता आणि तो नियमात बसत नव्हता. दहा वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. त्या दिवशी मूळचा सायलेन्सर लावून जायचं आणि परत येऊन काढायचा. आमच्यासारख्या चौघांच्या गाड्या होत्या आणि मूळचा धड सायलेन्सर एकच. आम्ही त्याला सोवळं म्हणायचो. तपासणी आली की गाडी सोवळं नेसायची. ते आमच्या घरी असे. सरकारी फ्लॅटात जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते, बॉम्ब पडले तर लपायला. आमच्या त्या खोलीत पापडाचे डबे, गणपतीची आरास आणि हे सोवळं. मंगल पाहुण्यांना सांगायची, "युद्ध झालं तर आम्ही बाहेर, हे नळकांडं आत."

एकदा माझी आणि मोघेची तपासणी एकाच दिवशी आली. त्याची गाडी पास झाली. शेजारच्या गल्लीत आम्ही ते तापलेलं सोवळं ओव्हनच्या हातमोज्यांनी त्याच्या गाडीचं काढून माझ्या गाडीला चढवलं आणि मी आत गेलो. तपासनीस खाली वाकला. सायलेन्सरवर एक ओळखीचा पोचा होता. त्याने पोच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दिस वन व्हेरी हार्डवर्किंग," तो म्हणाला. "लेट इट रेस्ट. टुमॉरो कम." गाडी त्याने त्या दिवशी पास केली नाही. हे सगळं आता सांगायला हरकत नाही, ते सोवळं केव्हाच भंगारात गेलं.

अशा उद्योगांमुळे मंडळात माझं नाव झालं. क्लेमेंटीला राहणारे एक संशोधक एकदा घाबरून आले. गाडी वळवली की मागून धडधड आवाज येतो, दोन गॅरेजांना कळला नाही. मी गाडीत बसलो, दोन वळणं घेतली, डोळे मिटले. मग मागची चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यातून नारळ काढून त्यांच्या हातात दिला. दसऱ्याला पूजा केली होती, नारळ फोडायचा राहिला होता. पण मी ते लगेच सांगितलं नाही. आधी एकदा गंभीरपणे "हं" म्हणालो. या धंद्यात त्या "हं"ला फार किंमत असते. लोक त्यावर विश्वास ठेवतात. मी तो हं एकदा भलत्या जागी वापरला, आणि इथून पुढचा लेख त्याचा आहे.

मोघेला लांब गाडी चालवायचा नाद होता. शुक्रवार संध्याकाळ झाली की पूल ओलांडून मलेशिया, तिथून हायवेने इपोह. सुनंदा वहिनी, म्हणजे मोघेची बायको, शेजारच्या सीटवर रामरक्षा म्हणत. निळ्या गाडीचा सीओई संपत आला होता आणि मोघे तो पुन्हा घेणार होता. त्या सुमारास एका दुपारी वहिनींचा मला फोन आला.

"भाऊजी, हे बाहेर गेलेत म्हणून करतेय. परवा येताना यांना गाडी चालवताना झोप लागली."

"डुलकी लागली असेल."

"डुलकी खुर्चीत लागते. हायवेवर लागते ती झोप. मी दंडाला चिमटा काढला. म्हणाले, मी विचार करत होतो. डोळे मिटून, हो?"

"मी बोलतो त्याच्याशी."

"बोलून ऐकतात होय ते? तुम्ही एवढंच करा. गाडी म्हातारी झाली म्हणा. तुम्ही म्हातारे झालात असं म्हणू नका. ते लागेल त्यांना. तुम्ही इंजिन गेलं म्हणालात तर गेलं. तुमचं ते देवासारखं ऐकतात."

मी म्हटलं, बघतो. खरं तर मी काही करणार नव्हतो. चांगल्या इंजिनाला वाईट म्हणणं मला जमणारं नव्हतं. पण त्याच आठवड्यात माझ्या हिरव्या गाडीचा तिसरा गिअर करकरायला लागला.

गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरला एक पितळी कडं असतं. गिअर पडण्याआधी ते आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग सारखा करतं. ते झिजलं की गिअर टाकताना दळण दळल्यासारखा आवाज येतो. तसा गिअरबॉक्स इथे नवा मिळत नाही, आणि जुना चांगला तर त्याहून मिळत नाही. एक चांगला मला माहीत होता. तो मोघेच्या गाडीत होता. त्याचा तिसरा गिअर म्हणजे लोण्यात सुरी.

वहिनींचं कारण खरं होतं. माझं कारण हे होतं.

त्या रविवारी मोघे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बदलायला वरच्या मजल्यावर आला. इपोहहून येताना ते कमी झालं होतं आणि त्याने एका पेट्रोल पंपावर साधं नळाचं पाणी भरलं होतं. तापमानाचा काटाही थोडा वर गेला होता म्हणे. त्यामुळे तो आधीच अपराधी चेहऱ्याने आला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आडव्या इंजिनात कूलंट भरताना आत हवा अडकते. म्हणून आम्ही गाडी नेहमी पार्किंगच्या चढावर लावायचो, नाक वर करून. मग टोपण काढून इंजिन चालू ठेवायचं आणि हवा वर येऊन निघून जाईपर्यंत गप्पा मारायच्या. गाडी सपाट जागी ठेवली तर ती हवा बराच वेळ बुडबुड करत राहते. आता गंमत अशी, की इंजिनाच्या डोक्याखालचं गॅस्केट गेलं तरी धूर पाण्यात शिरून असेच बुडबुडे येतात. गॅस्केट जाणं म्हणजे इंजिन उतरवणं. सीओई संपत आलेल्या गाडीला तेवढ्यावर कुणीही नमस्कार करतो.

मोघे गाडी चढावर न्यायला लागला. मी म्हणालो, "आज वर गाड्या येताहेत. इथेच करू."

त्याने गाडी तिथेच थांबवली. सपाट जमिनीवर भरलं. इंजिन चालू केलं. बुडबुडे आले. मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, "हं."

"काय रे?"

"मोघे, बुडबुडे."

तो बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिला. थांबलो असतो तर बुडबुडे थांबले असते. म्हणून मी थांबलो नाही. टोपण लावून टाकलं.

"मी नळाचं पाणी घातलं म्हणून?" त्याने विचारलं.

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. गाडी म्हातारी झाली, एवढंच म्हणायचं ठरलं होतं. पण गाडी म्हातारी झाली म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाला दाखवील, आणि स्वतःची चूक समजला तर दाखवणार नाही, हे माझ्या डोक्यात चमकून गेलं. मी पुन्हा एकदा हं म्हणालो.

त्याने बॉनेट मिटलं, फडक्याने पुसलं. मग म्हणाला, "दातार, तुझा तिसरा करकरतोय ना? माझा गिअरबॉक्स घे. शेजारची सीटही घे, तुझी बसलीये. तुझ्या गाडीत तरी राहील."

मी मागायच्या आधीच त्याने दिलं. हे मला आजही पचलेलं नाही.

अदलाबदल कोहच्या गॅरेजमध्ये झाली. कोह हा आमच्या वयाचा चिनी मेकॅनिक, एका औद्योगिक इमारतीत त्याचा गाळा. त्याने मोघेचा गिअरबॉक्स माझ्या गाडीत बसवला आणि माझा करकरणारा निळ्या गाडीत. भंगारवाल्याकडे गाडी पुरी द्यावी लागते. ओढून नेण्यापेक्षा कोह स्वतःच ती चालवत घेऊन गेला आणि तिथून त्याने मला फोन केला.

"अंकल, थर्ड गिअर लाइक ग्राइंडिंग कॉफी."

"माहीत आहे."

"बट इंजिन व्हेरी गुड वॉट. टेंपरेचर नो मूव्ह. व्हाय युवर फ्रेंड स्क्रॅप?"

"बबल्स होते," मी म्हणालो.

कोह हसायला लागला. तो इतका हसला की भंगारवाल्याने काय झालं म्हणून विचारल्याचं मला फोनवर ऐकू आलं. "अय्या, बबल," कोह म्हणाला. "नॉट माय बिझनेस लाह." आणि त्या दिवसापासून तो मला बबल अंकल म्हणतो. मोघेसमोरही. मोघेने एकदा कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं की मला बबल टी फार आवडतो. त्यामुळे कोहकडे गेलो की मोघे प्रेमाने माझ्यासाठी तो साबुदाणे घातलेला गोड चहा आणतो, आणि कोह मी तो संपवेपर्यंत समोर बसून बघतो. मला तो अजिबात आवडत नाही.

नंतर मोघेने गाडी घेतली नाही. दर रविवारी बसने पासिर रिसला येई, माझ्या शेजारी त्याच्याच गाडीतल्या सीटवर बसे, आणि आम्ही ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर नाश्त्याला जात असू. त्या सीटवर वहिनींच्या हातून सांडलेल्या कोकम सरबताचा डाग आहे. मुलगी सासरी दिलेल्या बापासारखा तो दर रविवारी विचारायचा, "कसा आहे?" म्हणजे गिअरबॉक्स. आणि मी तिसरा टाकला की डोळे मिटून म्हणायचा, "उशिरा टाकलास. त्याला ते आवडत नाही." परवाना त्याने डॉक्टरी तपासण्या करून चालू ठेवला होता. माझ्या विम्यातही त्याचं नाव मी घातलं होतं. पण चालवतोस का म्हटलं की नको म्हणायचा. "माझ्या हातात गाडी टिकत नाही." आणि मग मंडळाच्या पार्किंगमध्ये लोकांची बॉनेटं उघडायला लावायचा.

वहिनींना मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला की हे सांगून टाकू. त्या म्हणाल्या, "मला मध्ये ओढू नका." मी शब्द दिला. शब्द देणं सोयीचंच होतं.

आता माझ्या हिरव्या गाडीची पाळी आली. दुसऱ्यांदा घेताना सीओई दहाऐवजी पाच वर्षांचाही मिळतो; मी तसा घेतला होता, आणि तो संपला की पुन्हा मिळत नाही. दिवाळीनंतर गाडी जाणार. या वर्षीच्या गणपतीत मी हे मोघेला सांगितलं, तेव्हा तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझं बरं. तुझी वय होऊन जातेय. माझी मी मारली."

त्या रात्री प्रसादाचा मोदक मी ताटात तसाच ठेवला. मंगलने विचारलं, मी पित्त म्हणालो. तिने बडीशेप दिली.

पुढच्या रविवारी मी गाडी चढावर लावली, नाक वर. कूलंट भरलं, टोपण काढलं, इंजिन चालू ठेवलं. मोघे घडीच्या स्टुलावर बसला होता, थर्मासचं झाकण हातात.

"हवा निघाली?" त्याने विचारलं.

"निघतेय." मग मी म्हणालो, "मोघे, त्या दिवशी आपण गाडी चढावर लावली नव्हती."

कुठला दिवस असं त्याने विचारलं नाही. "वर गाड्या येत होत्या म्हणालास."

"येत नव्हत्या."

त्याने वळून त्या सपाट जागेकडे पाहिलं. तिथे आता कुणाची तरी व्हॅन उभी होती.

"मग बुडबुडे?"

"हवेचे."

"थांबलो असतो तर?"

"गेले असते."

"आणि गॅस्केट?"

"ठणठणीत. कोहने भंगारवाल्यापर्यंत चालवली. काटा हलला नाही."

"नळाचं पाणी?"

"तेवढ्याने काही होत नाही."

इंजिन चालू होतं. डग-डगडग-डग. मोघेने चहा प्यायला, झाकण झटकलं, थर्मासला लावलं.

"का?"

इथे मी वहिनींचं नाव घेऊन निम्मं ओझं उतरवू शकलो असतो. "मला तुझा गिअरबॉक्स हवा होता," मी म्हणालो.

"मागितला असतास तर दिला नसता."

"माहीत आहे."

"तरी मागायला हवा होतास." तो उठला, वाकून त्याने कूलंटच्या टाकीत पाहिलं. "काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट सांग. तुला हं म्हणायची सवय आहे ना? सांग."

"बुडबुडे नाहीत," मी म्हणालो. "गाडी चांगली आहे. तुझीही चांगली होती."

त्याने स्वतः टोपण लावलं, बॉनेट मिटलं, आणि हात पुढे केला. "किल्ली."

मी दिली. तो गाडीत बसला, आरसा आपल्या उंचीला केला. मी पलीकडून येऊन शेजारचं दार उघडायला गेलो तर त्याने आतून कुलूप लावलं. काच बोटभर खाली आली. "ती सीट माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला, आणि गेला.

मी कठड्यापाशी उभा राहिलो. गाडी एकेक मजला गोल गोल उतरताना ऐकू येत होती. मग रस्त्याला लागली. पहिला, दुसरा. आणि मग तिसरा पडला. खरं तर पडल्याचं ऐकूच आलं नाही, फक्त आवाजाचा सूर बदलला. इतकी वर्षं तो गिअरबॉक्स माझ्याकडे होता, मला तसा एकदाही टाकता आला नव्हता.

मी मागे वळलो. जॅक, स्टूल, चटई, थर्मास आणि मी. मलय गृहस्थ त्यांच्या फेरीवर होते. ते थांबले, रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अंकल," ते म्हणाले, "नाऊ द होल कार ऑल्सो लॉस्ट आह?"

दोन दिवस कुणाचाच फोन आला नाही. हे दोन दिवस मी कसे काढले ते मंगलला विचारा. मी त्या बॉम्बच्या खोलीतले पापडाचे डबे लावत होतो. तिसऱ्या दिवशी वहिनींचा आला.

"भाऊजी, गाडी इथे आहे. माझं नाव का नाही घेतलंत?"

"शब्द दिला होता."

"शब्द पाळायला तुम्ही भलतीच वेळ काढता. मीच सांगितलं त्यांना. अर्धा वाटा माझा म्हटलं."

"मग?"

"मग काय. काल दिवसभर वरणात मीठ आहे की नाही तेही बोलले नाहीत. आज सकाळी विचारलं, मला खरंच झोप लागली होती का गं? मी म्हटलं, घोरत होतात. तर म्हणाले, मग तुझं बरोबर होतं. दातारचं नाही."

हा निकाल मला मान्य आहे.

शिक्षा म्हणून दोन गोष्टी ठरल्या. एक म्हणजे हा लेख. मोघेचं म्हणणं, त्याने आपली बदनामी स्वतःच्या तोंडाने सगळ्या मंडळात केली, तर ती पुसणारं काहीतरी सगळ्या मंडळाच्या हातात पडलं पाहिजे. वहिनींनी मजकूर वाचला आहे. "घोरत होतात" हे वाक्य ठेवा म्हणाल्या. मोघेने ते काढा म्हटलं. मी ठेवलं आहे.

दुसरी शिक्षा म्हणजे गाडी भंगारात जाईपर्यंत मरीन परेडला राहील. मोघे रोज सकाळी वहिनींना घेऊन ईस्ट कोस्टपर्यंत जातो आणि परत येतो, त्यापलीकडे नाही. पूल ओलांडायचा नाही, हे वहिनींनी कबूल करून घेतलं आहे. "दिवाळीला मुलगी माहेरी आलीये," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही पाडव्याला जेवायला या. जावई म्हणून या, पण बसने या." मी जाणार आहे. मंगल म्हणते, ओवाळणी कोणी कोणाला घालायची ते आधी ठरवून घ्या.

माफ केलं असं मोघे काही म्हणालेला नाही. गेल्या रविवारी मंडळाच्या दिवाळी बैठकीनंतर आम्ही खाली उतरलो तेव्हा तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही. पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं नव्या गाडीपाशी उभं होतं. मोघे सवयीने तिकडे वळला. मला वाटलं, आता काय सांगेल?

"बॉनेट उघडा बघू," तो म्हणाला. आत डोकावला, मान हलवली. मग माझ्याकडे न बघता त्या बिचाऱ्यांना सांगितलं, "कूलंट बघत जा. आणि ते बघणारा कोण आहे, तेही बघत जा."